लाइन इनपुटला आवाज फाटतो आणि कस्टमर केअर म्हणतं स्लायडर खाली करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या दोन चॅनलच्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसचा दोष आणि तुमच्या माणसांच्या चुकीच्या सल्ल्यामुळे झालेलं नुकसान

महोदय,

मी डोंबिवलीला राहतो, मूळ गाव कुडाळजवळ. गेल्या महिन्यात तुमच्याच वेबसाइटवरून ४,२९९ रुपयांना हा इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायची पेटी, घेतला तो फक्त एका कॅसेटसाठी. माझे वडील वाडीतल्या भजन मंडळात पखवाज वाजवायचे, १९९१ च्या गणपतीत आमच्याकडे डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, झाली होती ती कोणीतरी टू-इन-वनवर टेप केलेली, नव्वद मिनिटांची कॅसेट, दुसरी कॉपी कुठेच नाही. वडील २००९ ला गेले. फोटो आहेत, पण त्यांचा हात ऐकायचा असेल तर एवढी एकच फीत आहे.

लॅपटॉपला एकच माइकचा जॅक, तोही मोनो, जुन्या कॉम्प्युटरला मागे निळं लाइन-इन (डेकसारख्या यंत्राचा जोरदार सिग्नल घेणारा जॅक) असायचं ते लॅपटॉपला नाही, म्हणून बाहेरचा इंटरफेस घ्यायचं ठरवलं आणि तुमच्या बॉक्सवर स्पष्ट "माइक / लाइन" छापलंय म्हणून तुमचा घेतला. कॅसेट वाजवायचा डेक शेजाऱ्यांकडून आणला, हेड कापसाने आणि आयसोप्रोपिलने पुसून घेतलं, कॅसेटच्या आतली स्पंजची छोटी गादी निघालेली होती म्हणून फीत दुसऱ्या कव्हरमध्ये भरली, म्हणजे माझ्या बाजूने जेवढी काळजी घेता येते तेवढी घेतलेली आहे.

पहिल्यांदा लावलं तेव्हा सुरुवातीला वडिलांचा आवाज आला, पखवाजावर दोन टिचक्या मारून कोणाला तरी विचारतायत, "आवाज येता मां?" ते एकदम स्वच्छ आलं, अंगावर काटा आला. आणि पुढच्याच सेकंदाला पहिला "धा" पडला तो फाटला. कणकेचा घुमारा असतो ना डाव्या पुडीचा, तो गायबच, नुसतं फट्ट असं काहीतरी. पुढे झांजा सुरू झाल्यावर तर सगळी खरखरच. गेनचं, म्हणजे आत येणारा आवाज कमी-जास्त करायचं, बटण दोन्ही चॅनलला पूर्ण बंद होतं, त्याच्या खाली जागाच नाही, तरी आवाज जास्त झाल्याचा तुमचा लाल दिवा सतत पेटलेला.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झूम करून बघितलं तर प्रत्येक ठोक्याचा माथा सपाट, चिरेखाणीत मशीनने चिरा कापतात तसा सरळ. एका ठोक्यात शंभराच्या वर सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेले आवाजाचे आकडे, एका रेषेत. व्ह्यू मेनूतलं शो क्लिपिंग (माथा कापला गेलेला, म्हणजे क्लिप झालेला भाग दाखवणारं) लावलं तर स्क्रीन लाल रेघांनी भरली. १६ बिटला ३२,७६७ च्या वर आकडाच नाही, त्यामुळे त्याच्या वरचं जे होतं ते गेलंच. त्यातलं क्लिप फिक्स पण चालवून बघितलं, दोनपाच सॅम्पल गेलेले असतील तर ते दोन्ही बाजूंवरून अंदाजाने माथा भरून काढतं, इथे भरायला काही उरलंच नव्हतं.

आता मुख्य तक्रार. तुमच्या कस्टमर केअरला फोन केला तर सांगितलं की विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगचा स्लायडर ५० वर आणा आणि परत रेकॉर्ड करा. मी विश्वास ठेवला, कॅसेट परत पूर्ण लावली. फाइल पाठवली, तुमच्याकडून उत्तर आलं की आता क्लिपिंग दिसत नाहीये, तक्रार बंद केली आहे. लाल रेघा गेल्या होत्या हे खरं, पण माथे तसेच सपाट होते, फक्त आधी छताला टेकलेले होते ते आता अर्ध्यावर सपाट! ऐकायला तर तितकंच फाटलेलं. शो क्लिपिंग फक्त सगळ्यात वरच्या आकड्याला टेकलेलं दाखवतं, आवाज इंटरफेसच्या आतल्या सर्किटमध्येच कापला गेला असेल तर नंतर स्लायडरने तो फक्त बारीक होतो, दुरुस्त होत नाही, कारण स्लायडर हा आवाजाचे आकडे झाल्यानंतर येतो. ऑडिओची वस्तू विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या माणसाला हे माहीत असायला नको का? मी परत फोन केला तर दुसऱ्याने सांगितलं २४ बिट करून बघा. २४ बिटने खालच्या बारीक आवाजाचा फायदा होतो, वर फाटणं थांबत नाही, पण तेव्हा मला हे कळत नव्हतं, मी तेही केलं. म्हणजे तुमच्या सांगण्यावरून ती फीत आणखी दोनदा फिरली, आणि दुसऱ्या वेळी बी बाजूला शेवटच्या गजरात रोलरमध्ये गुंडाळली गेली. हळूहळू सोडवली, पण वीसेक सेकंदांचा भाग चुरगळलाय, तिथे आवाज आत-बाहेर होतो. फीत जुनी होती हे मला मान्य आहे, म्हणूनच ती एकदाच फिरवायची होती. पुसताना हेडवर तपकिरी भुकटी दिसत होती, प्रत्येक फेरीला थोडं थोडं जातच होतं.

दोष कॅसेटमध्ये किंवा डेकमध्ये नाही हे मी तपासलंय. डेकला थेट हेडफोन लावून ऐकलं तर धा गोल आणि पूर्ण येतो. मग लॅमिंग्टन रोडला एका रिपेअरवाल्याकडे गेलो, त्याने पाच मिनिटांत सांगितलं की यात लाइनसाठी वेगळा रस्ताच नाही, मोठा जॅक लावला तरी सिग्नल माइकच्याच अॅम्प्लिफायरमधून जातो आणि आवाज आधीच कमी करणारं पॅड नाहीये, डेकचा आवाज त्याला झेपणार नाही. त्याने प्रत्येक चॅनलच्या वायरमध्ये एक १० किलो-ओहमचा आणि एक १ किलो-ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून दिला, आवाज साधारण २० डीबीने (डेसिबलने) खाली येतो, ६० रुपये घेतले. घरी येऊन आधी दुसऱ्या एका कॅसेटवर टेस्ट केली, नंतर वडिलांची लावली. सगळ्यात जोराचा ठोका उणे ८ डीबीला, म्हणजे छताच्या ८ डीबी खाली, एकही माथा सपाट नाही, दिवा एकदाही लाल नाही. चुरगळलेला भाग सोडला तर सगळं आलं. ६० रुपयांच्या वायरने जे काम झालं ते तुमच्या बॉक्सवर छापलेलं होतं, मी त्याचेच पैसे भरले होते.

मला पूर्ण पैसे परत हवेत. बदली युनिट नको, त्यातही हेच सर्किट असणार. चुरगळलेल्या फितीची भरपाई काय द्यायची ते तुम्ही सांगा, पण निदान चुकीचा सल्ला दिला हे लेखी मान्य करा. आणि बॉक्सवरचा "लाइन" शब्द काढा, नाहीतर इनपुटला जास्तीत जास्त किती लेव्हल चालते तो आकडा छापा, म्हणजे घेणारा आधीच बघेल. तुमच्या सपोर्टच्या लोकांना एवढं तरी शिकवा की लाल रेघ नाही म्हणजे आवाज फाटला नाही असं होत नाही, लाटेचा माथा झूम करून बघावा लागतो. घरोघरी लोकांकडे अशा कॅसेटी पडून आहेत, आजोबांचं कीर्तन, आईचं गाणं, कोणाची बारशाची गडबड, आणि सगळ्यांना फीत एकदोनदाच फिरवायला मिळणार आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला पाहिजे. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, पाच लाखांच्या आतल्या वस्तूला तिथे फी लागत नाही हे मला माहीत आहे.

सोबत बिल, तुमची तक्रार बंद केल्याची ईमेल आणि तीन छोट्या फाइल जोडल्या आहेत: पहिली थेट रेकॉर्ड केलेली, दुसरी तुमच्या स्लायडरवाली, तिसरी रेझिस्टरच्या वायरने केलेली. तिन्हीत तोच पहिला "धा" आहे. कृपया चांगल्या हेडफोनवर ऐका. इंटरफेस बॉक्ससकट बांधून ठेवलाय, न्यायला माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी सातनंतर पाठवा.

आपला ग्राहक,
डोंबिवली