पेटार्ड आणि पाण्यातली माणसे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नौदल दिनाच्या पुरवण्या मी दरवर्षी जपून ठेवतो. त्यात १९७१ असते आणि ते असायलाच हवे. पण दुसऱ्या महायुद्धात आपल्याच हिंदी महासागरात जे घडले, त्याबद्दल फारसे काही वाचायला मिळत नाही.

१२ फेब्रुवारी १९४४. मोंबासाहून कोलंबोकडे निघालेली पाच सैनिकवाहू जहाजे मालदीवजवळ पोचली होती. सोबत हॉकिन्स ही क्रूझर आणि पेटार्ड व पॅलाडिन या ब्रिटिश विनाशिका. दुपारी जपानच्या आय-२७ पाणबुडीचे दोन टॉर्पेडो त्यांतल्या 'खेदिव इस्माईल'ला लागले आणि दोन-तीन मिनिटांत जहाज तळाशी गेले. पूर्व आफ्रिकेचे सैनिक, नौसैनिक, परिचारिका धरून १५११ माणसे होती. वाचली २१४, त्यांत बायका फक्त सहा.

पॅलाडिनने बोटी उतरवून माणसे उचलायला घेतली. पाणबुडी मात्र तिथेच, पोहणाऱ्यांच्या आसपास खोल दडलेली होती. पेटार्डचे कप्तान कमांडर ईगन यांनी त्याच पाण्यात डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकायचा हुकूम दिला. पाणबुडी सुटली असती, तर पुढच्या चार जहाजांवरची माणसेही तिच्या तोंडी होती. मी स्वतः व्यापारी जहाजाच्या इंजिन रूममध्ये २८ वर्षे काढली आहेत. माणूस पाण्यात पडला की आधी त्याला वर घ्यायचे, बाकी सगळे नंतर, हेच आम्ही शिकलो. तरीही ईगन यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. हुकूम पाळणाऱ्या खलाशांना, समोर हात हलवणारी माणसे दिसत असताना, काय वाटले असेल, या विचाराने मात्र आजही झोप उडते.

अखेर पाणबुडी वर आली. तोफांच्या माऱ्याला ती दाद देईना. तिच्यावर धडक द्यायला गेलेल्या पॅलाडिनचेच बूड फाटले. शेवटी पेटार्डच्या टॉर्पेडोने तिचा निकाल लावला.

याच पेटार्डने ऑक्टोबर १९४२मध्ये भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडी (यू-बोट) यू-५५९ बुडवली होती. बुडत्या पाणबुडीत शिरून पेटार्डवरच्या फॅसन आणि ग्रेझियर यांनी सांकेतिक लिपीची पुस्तके वर पोचवली आणि ते दोघे तिच्याबरोबरच गेले. त्या पुस्तकांमुळे ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्राला अटलांटिकमधल्या यू-बोटींचे संदेश पुन्हा वाचता आले. कँटीनमध्ये काम करणारा टॉमी ब्राउन तेवढा वाचला. वय अवघे सोळा.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. 'खेदिव इस्माईल' बुडाले त्याच्या आदल्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, विशाखापट्टणमजवळ रॉयल इंडियन नेव्हीच्या 'जमना' या युद्धनौकेने दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह जपानची आरओ-११० ही पाणबुडी बुडवली. हे मला वयाच्या साठीनंतर कळले.

येत्या फेब्रुवारीत या दोन दिवसांसाठी आपल्या पुरवणीत अर्धे पान तरी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाजी, रत्नागिरी