ट्रॉलीच्या हूकची पिन कोण तपासते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ कांद्याची आवक वाढली की लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि त्या रांगांबद्दल, भावाबद्दल, कोंडीबद्दल आपल्या वृत्तपत्रात सविस्तर छापून येते. मात्र 20-25 क्विंटल कांदा भरलेली ट्रॉली ज्या एका पिनेवर ट्रॅक्टरला जोडलेली असते, त्या पिनेबद्दल कधी काही वाचल्याचे मला आठवत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात विंचूरहून लासलगावकडे जाताना एका गतिरोधकावर माझ्या ट्रॅक्टरची पिन तुटली. ट्रॉली दोन चाकी असल्याने तिची ट्रॅक्टरला जोडणारी दांडी खाली आदळून डांबरात रुतली आणि ट्रॉली जागीच थांबली. मागून दुचाकीवर येणारे नवरा-बायको आणि त्यांचे लहान मूल वेळीच बाजूला झाले. हीच गोष्ट चांदवडजवळच्या राहुड घाटात, चार चाकी ट्रॉलीच्या बाबतीत घडली असती, तर ती उतारावर किती दूर गेली असती याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तुटलेले दोन्ही तुकडे मी घरी आणून पाहिले. डोक्याखाली, जिथे पिन कशालाही घासत नाही, तिथे तिची जाडी पूर्ववत होती. पण दांडीचे कडे जिथे बसते तिथे ती एका बाजूने खोलवर झिजली होती. तुटलेल्या भागाचा मोठा हिस्सा काळपट आणि गंजलेला होता, तर उरलेली थोडी जागा चकचकीत. म्हणजे तडा कित्येक दिवस आधीच गेला होता आणि शेवटच्या त्या चकचकीत भागावरच मी माल वाहत होतो. मूळ पिन हरवल्यावर सळई कापून केलेली ती पिन होती आणि ती वापरण्याचा निर्णय माझाच होता.

झीज कशी वाढते हे समजून घेण्यासारखे आहे. पिन आणि भोक यांच्यात थोडी जरी फट पडली, तरी प्रत्येक वेळी ट्रॅक्टर जागेवरून पुढे नेताना आणि ब्रेक मारताना ट्रॉली पुढे-मागे ठोके देते. त्या ठोक्यांनी भोक लांबट होते, भोक लांबट झाले की ठोका आणखी जोराचा बसतो. त्यात शेतातली माती ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. म्हणून आधी डिझेलने आणि ब्रशने सगळा भाग धुऊन काढावा, मगच पाहावे. चिखलाखाली तडा दिसत नाही. वेल्डिंगच्या कडेने गंजाची बारीक सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा तड्याची असते. त्यावर वरून पुन्हा वेल्डिंगचा थर मारून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण आतला तडा तसाच राहतो. माझ्या मते असा भाग बदलणेच बरे.

पिनेची झीज डोळ्यांना फसवते, त्यामुळे डोक्याखालची जाडी आणि घासणाऱ्या जागेची जाडी व्हर्निअरने मोजून ताडून पाहावी. पिनेच्या खालच्या टोकाला कॉटर पिन (मोठी पिन वर निसटू नये म्हणून आडवी घातलेली छोटी पिन) आहे ना, हूकचे नट सैल झालेले नाहीत ना, हेही पाहावे. पिनेऐवजी आटे असलेला बोल्ट लावणारे पुष्कळ आहेत. आट्यांच्या खाचेपासूनच तो तुटायला सुरुवात होते. सुरक्षेची साखळी तर बहुतेक ट्रॉल्यांना नसतेच. ती असावी, आणि तिचे टोक पिनेत अडकवू नये, ट्रॅक्टरच्या भक्कम भागाला बांधावे, नाहीतर पिनेबरोबर साखळीही सुटेल.

हे सारे काम रिकाम्या ट्रॉलीवर, दांडीखाली भक्कम ठोकळा लावून आणि चाकांना दगड लावूनच करावे. भरलेल्या दोन चाकी ट्रॉलीची पिन कधीही काढू नये. मालाचा भार मागे अधिक असेल तर दांडी एकदम वर उसळते. लिलावाच्या रांगेत उभे असताना मात्र इंजिन बंद करून, खाली वाकून कॉटर पिन आणि साखळी पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

बाजार समित्यांनी आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाने मिळून हंगामापूर्वी आवारातच अशा तपासणीचे शिबिर घ्यावे, ऊस वाहतूक सुरू होण्याआधी कारखान्यांनीही ते करावे आणि खराब पिन तिथेच बदलून मिळण्याची सोय व्हावी, अशी माझी विनंती आहे. दंड आकारण्यापेक्षा पिन बदलून देण्यावर भर असेल, तर शेतकरी स्वतःहून ट्रॉली घेऊन येतील. माझ्या तुटलेल्या पिनेचे दोन्ही तुकडे मी जपून ठेवले आहेत. शिबिरात दाखवण्यासाठी ते आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक कांदा उत्पादक वाचक
ता. निफाड, जि. नाशिक