काका, तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही

काका, नमस्कार.

काल रात्री 11 वाजता आदिलाबादजवळ बंद पडलेल्या गाडीच्या ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मुदत वाढवली आणि तुमची ओसरी आठवली. त्रिमूर्तीनगर, भर मे महिना, आणि माझे कागद उडतात म्हणून तुम्ही बंद केलेला कूलर!

200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत, हा हिशेब मला पाठच. नागपूरहून हैदराबाद साधारण 500, म्हणजे तीन दिवस. मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8, तेवढ्यातच ती वाढवता येते. पण हिंगण्याहून रोज सुटणाऱ्या गाड्यांतली कोणाची मुदत आज संपते, ते मी रजिस्टरवर बोट फिरवत शोधायची. एकदा नजर चुकली आणि आमचा ड्रायव्हर दोन रात्री रस्त्यावर बसला. ते अजून सलतं.

ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला नाही समजणार." क्लास लावला, तर तिथला पोरगा माझ्या हातातून माऊस ओढून घ्यायचा आणि टकटक करून "झालं" म्हणायचा. फी माझी, शिकत तोच होता.

मग तुमच्याकडे मुदत संपणाऱ्या गाड्यांची यादी काढायचा प्रोग्राम पायथनमध्ये (कॉम्प्युटरची एक भाषा) लिहायला बसले आणि 14व्या ओळीवर एरर आला. मी तुमच्याकडे पाहिलं. पन्ह्याचा ग्लास तुम्ही दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "वाच ना बेटा, काय चुकलं ते तेच सांगून राहिलंय." मी वाचलं. पुन्हा वाचलं. ओळीआधी चार स्पेस सोडायच्या राहिल्या होत्या, एवढंच. वीस मिनिटं गेली, बर्फ विरघळला, तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ग्लास काही खाली ठेवला नाहीत.

आता रोज संध्याकाळी यादी आपोआप निघते. भिशीचा हिशेबही तसाच मांडलाय. आणि पोरांना "जरा बघून घ्या" म्हणणं सुटलं. आधी काय, मग काय, गाडी आलीच नाही तर काय, असं सांगते. "दोन दिवस लागतील" म्हणणाऱ्याला कुठं अडतंय तेही विचारते.

समोरच्याला येत नाही हे दिसत असतानाही त्याचा मान राखणारी माणसं फार थोडी, काका.

रविवारी येते. 5 जूनची तारीख एक्सेलमध्ये 6 मे होऊन बसतेय. पन्हं मी आणते, ग्लास तुम्ही धरा.

तुमची,
डिस्पॅचवाली ताई