विमानं धुणाऱ्या हातांचीही दखल घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीच्या समुद्रावर झालेल्या नौदल दिनाची बातमी तुमच्या अंकात वाचली. 20 युद्धनौका, 40 विमानं-हेलिकॉप्टरं, मरीन कमांडो, पंतप्रधान आणि पाहुणे, सगळं नीट आलं आहे. फोटोही चांगले आहेत. मी बातमी दोनदा वाचली. त्यात एका गोष्टीचा शोध घेत होते, ती दिसली नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही तारकर्लीच्या मंडपात नव्हतो. पाससाठी मी आठवडाभर आधी एका कार्यालयात गेले होते. टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, "मिस्टर ऑफिसर होते का?" मी म्हटलं, "नाही, चेतक हेलिकॉप्टरवर मेकॅनिक होते, चीफ होऊन निवृत्त झाले. आता नाहीत ते." तो "बघतो" म्हणाला आणि माझा नंबर लिहून घेतला. पुढे फोन आला नाही.

मग सून, नातू आणि शेजारच्या दोघीजणी असे आम्ही दुपारी एकलाच दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. एका होडीच्या सावलीत चटई टाकली, घावणे आणि चटणीचा डबा सोडला. समोर लांबवर राखाडी जहाजं. ती हलतायत की उभी आहेत, इतक्या लांबून कळत नव्हतं. तीन वाजेपर्यंत किनारा माणसांनी भरला. देवगड-वेंगुर्ल्याकडची माणसंही भेटली. नौदलाचा कुठलाही मोठा तळ नसलेल्या आमच्या मालवणात हा दिवस साजरा होतोय, याचं कौतुक प्रत्येकाच्या तोंडावर होतं. माझ्याही.

मिग-29के हे लढाऊ जेट विमान आलं तेव्हा आधी काहीच ऐकू आलं नाही. पाण्याला लागून एक काळा ठिपका दिसला. नातू ओरडला, "आजी, ता बघ!" मी "खय?" म्हणेपर्यंत तो समोरून गेलासुद्धा, आणि मग आवाज आदळला. मी होडीला पाठ टेकून बसले होते, फळ्यांची थरथर पाठीला लागली. माडांवरचे कावळे एकदम उठले, आमच्याजवळ झोपलेलं कुत्रं होडीखाली शिरलं. आवाज मागाहून का येतो, हे नातवानं विचारलं आणि मला सांगता आलं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पावसाळ्यात वीज चमकली की आमचे हे मुलांना ओटीवर बसवून आकडे मोजायला लावत. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तो हिशोब माझ्या डोक्यात अजून आहे.

मिग गेल्यावर लोक खाली बघून मोबाइलमध्ये काय आलं ते तपासत होते. तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. चेतकचा आवाज मी झोपेतही ओळखेन. जेटच्या मानानं बारीक, एका लयीत फडफडणारा. पुढे काचेचा फुगा, खाली तीन चाकं, वर तीन पाती. इतर विमानांपुढे अगदीच लहान दिसतं ते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी उभी राहिले आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभीच होते. सुनेनं माझा हात धरला, पण विचारलं काही नाही.

आमचे हे 1974 साली नौदलात भरती झाले. कोचीला विमानदुरुस्तीचं शिक्षण घेतलं, मग विक्रांत आणि पुढे विराट या विमानवाहू जहाजांवर होते. चेतकचं जहाजावर काम काय, हे मला लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कळलं. डेकवरून लढाऊ विमान उडत असेल किंवा उतरत असेल, तर चेतक जहाजाच्या बाजूला हवेत थांबून राहतं. विमान समुद्रात पडलंच, तर वैमानिकाला दोरीनं वर उचलायचं. त्यामुळे सगळ्यांत आधी वर जायचं ते चेतकनं आणि सगळ्यांत शेवटी उतरायचं तेही चेतकनं. इंजिन एकच, आणि खाली सगळा दर्या. त्या इंजिनावर यांचा हात फिरलेला असायचा. सुट्टीवर आले की पहिल्या दोन रात्री त्यांना झोप लागत नसे. "आज कोण बघतोय त्याच्याकडे?" म्हणायचे, जसं काही गोठ्यातली गाय दुसऱ्यावर सोपवून आलेत.

खाऱ्या वाऱ्याची गोष्ट मालवणात कुणाला सांगायला नको. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याची पाती, काहीच टिकत नाही. जहाजावर तोच वारा चोवीस तास. म्हणून हेलिकॉप्टर उतरलं की ते गोड्या पाण्यानं धुवायचं, इंजिनातूनही पाणी फिरवायचं, सांध्यासांध्यात बोट घालून मीठ राहिलं नाही ना ते बघायचं. वैमानिक जेवायला जायचे तेव्हा यांचं हे काम सुरू व्हायचं. निवृत्तीनंतर घरी आले तरी सवय सुटली नाही. दर रविवारी विहिरीच्या पाण्यानं सायकल धुवायचे, फडक्यावर खोबरेल घेऊन एकेक आरी पुसायचे. गल्लीतली पोरं हसायची. ती सायकल अजून चालते, नातू तीच घेऊन शाळेत जातो.

दुसरी गोष्ट पान्यांची. काम सुरू करताना जितके पाने पेटीतून काढले तितके काम संपल्यावर परत मोजून ठेवायचे. एक जरी कमी भरला तरी हेलिकॉप्टर हलत नाही. सगळे गुडघ्यांवर बसून शोधतात, कारण तो पाना आत कुठेतरी राहिला असेल तर हवेत काय करेल सांगता येत नाही. विराटवर एकदा असं झालं होतं. रात्री अडीच वाजता तो पाना एकाच्या ओव्हरऑलच्या फाटक्या खिशाच्या अस्तरात सापडला. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी तीच सुटका दिसायची. उड्डाणाआधी डेकवर सगळे खांद्याला खांदा लावून एका रांगेत चालायचे, खाली बघत. खिळा, तारेचा तुकडा, खडा, दिसेल ते उचलायचं, कारण जेटचं इंजिन ते आत ओढून घेतं.

संपादकसाहेब, मला बातमीत हेच हवं होतं. वैमानिकाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. त्याच्या जिवाची बाजी असते. पण ती 40 विमानं त्या संध्याकाळी वेळेवर उडाली आणि सुखरूप उतरली, यामागे किती जणांची रात्र गेली असेल, त्यातलं एकही माणूस ना समुद्रावर दिसलं, ना बातमीत. 4 डिसेंबरचा दिवस ज्यासाठी पाळतात, तो 1971 चा कराचीवरचा हल्ला. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. त्या छोट्या नौकांचा पल्ला कमी, म्हणून वाटेत त्यांना दुसऱ्या नौकांनी ओढून नेलं होतं. आमचे हे दर 4 डिसेंबरला पेपर वाचून झाल्यावर एकच विचारायचे, "ते दोर बांधले कोणी, ते लिहिलंय का कुठे?" ते 2019 साली गेले. यंदा ते असते तर दांडीवर माझ्याशेजारी बसून पुन्हा तेच विचारलं असतं.

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून कोणी नौदलात, कोणी गोदीत अशा कामांवर आयुष्य घालवून आलं आहे. इंजिनवाले, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रडारचे मेकॅनिक. त्यांच्याजवळ तुमचा वार्ताहर गेला तर तासभर बोलतील, कारण कुणी विचारायलाच आलेलं नाही. आठवड्याला एकाची माहिती तुम्ही छापलीत तर वर्ष सहज निघेल. आणि असा कार्यक्रम पुन्हा आपल्या किनाऱ्यावर झाला, तर विमान समोरून जाताना वैमानिकाच्या नावापाठोपाठ त्याची देखभाल करणाऱ्या तुकडीचंही नाव माइकवर घ्यावं, अशी विनंती नौदलापर्यंत तुम्ही पोचवावी. त्याला किती वेळ लागेल? चेतक आमच्यासमोरून जायला लागला तेवढाच.

संध्याकाळी काळोख पडल्यावर जहाजांवर दिव्यांच्या माळा लागल्या. प्रत्येक जहाजाचा आकार दिव्यांनी काढल्यासारखा पाण्यावर उभा राहिला. नातू म्हणाला, "एवढे बल्ब कोणी लावले असतील?" मी त्याला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत दांडीवर गेलो. किनाऱ्यावर बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कागदी कप पडले होते. कोळी बांधव होड्या पाण्यात ढकलायच्या तयारीत होते. मी नातवाला डेकवरच्या रांगेची गोष्ट सांगितली होती. त्यानं शेजारच्या पाच पोरांना हाक मारली, सगळ्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि ती पोरं मान खाली घालून माडांपासून पाण्यापर्यंत चालत गेली. तीन पोती भरली.

यांची पान्यांची गुंडाळी माझ्याकडे आहे. जाड कॅनव्हासची, 14 खणांची, प्रत्येक खणावर त्यांच्या हातचा आकडा. तुमच्या वार्ताहराला बघायची असेल तर जरूर पाठवा. सकाळी दहापर्यंत मी घरीच असते.

आपली एक जुनी वाचक,
वायरी, मालवण
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)