घडीची सायकल आणि माझे उद्योग

दांडिया बाजार, बडोदे
रविवार दुपार

प्रिय नंदू,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. "बाल्कनीतली घडीची सायकल भंगारात घालू का?" असं तू विचारलंस. उत्तर एका शब्दाचं आहे: नको. पण सहा महिने मी ह्याच उद्योगात असल्यामुळे तुझी एका शब्दावर सुटका नाही. वहिनींना चहा टाकायला सांग, नाहीतर तूच टाक.

माझी सायकल मूळची ताईच्या मुलाची. तो कॅनडाला गेला आणि ही समा भागातल्या त्यांच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली, तेव्हा दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ताई म्हणाली, "ने बाबा, इथे मगर शिरली नाही हेच खूप." आणली, आणि पुढचं वर्षभर जिन्याखाली ठेवली. मग आणंदची नोकरी आली. रोजचं ३५ किलोमीटरचं अप-डाऊन मेमू लोकलनं होतं, पण दोन्हीकडे स्टेशनपर्यंतच्या शटल रिक्षांनी जीव नको केला. तेव्हा जिन्याखाली लक्ष गेलं.

चाकांच्या मधले हब उघडले तर आत ग्रीस नव्हतंच, विश्वामित्रीचा गाळ होता. छर्रे सगळे बदलले: पुढे दीड सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दहा-दहा, मागे दोन सुताचे नऊ-नऊ. एक घरंगळून कपाटाखाली गेला तो अजून तिथेच आहे. पॅडल काढताना माझं बोट सोललं, कारण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे मला ठाऊक होतं, फक्त पाना हातात असताना आठवलं नाही. तू आधी आठव.

पुढचा घोळ टायरचा. दुकानात जाऊन "वीस इंची द्या" म्हणालो. त्यानं दिला, मी पैसे दिले, आणि घरी येऊन तासभर त्या टायरशी कुस्ती खेळलो. सैल पडून सारखा निघून यायचा, रिमवर बसेचना. रावपुऱ्यातल्या सायकलवाल्या काकांकडे गेलो, तर त्यांनी नुसता टायरच्या बगलेवरचा बारीक आकडा दाखवला. वीस इंची म्हणवणारे टायर दोन मापांचे मिळतात. एक ४०६ मिलिमीटर रिमचा, दुसरा ४५१चा. माझी रिम ४०६, मी आणला होता ४५१. दुकानदारानं उघडलेला टायर परत घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. ४०६चं एक सुख आहे. लहान मुलांच्या सायकलींना तोच लागतो, त्यामुळे कुठल्याही गल्लीत मिळतो.

मी जाडच घेतला, पावणेदोन इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, मोठं चाक वरच्यावर निघून जातं. १९६२ साली अॅलेक्स मोल्टन ह्या इंग्रज इंजिनिअरनं लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तेव्हा तिला पुढे-मागे सस्पेन्शन दिलं होतं. मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन त्याचंच. आपल्याला एवढं कुठलं, आपलं सस्पेन्शन म्हणजे टायरमधली हवा. बारीक टायर फुल्ल टणक करून मी एकदा मांडवीपर्यंत जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती.

आता गिअर. ह्यात मला खरी मजा आली. सायकल चालवताना पाय गरागर फिरायचे आणि शेजारून आजोबा लोक पुढे जायचे. म्हणून कागदावर मांडलं. पुढे ४६ दाते, मागचं सगळ्यात लहान चक्र १४चं, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वातीनदा फिरतं. टायरला खडूची खूण करून गच्चीवर घेर मोजला, १५३ सेंटिमीटर. एका फेऱ्यात पाच मीटर, मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी १८ किलोमीटर. पुढे ५२ दात्यांचं चेनव्हील टाकलं तर वीसच्या वर. काळ्या घोड्याजवळचा पूल सोडला तर माझ्या वाटेत चढ नाही, म्हणून टाकलं. चेन गंजलेलीच होती, नवी घातली आणि दोन कड्या जास्त ठेवल्या. ह्या एका बदलानं सायकल वयात आली.

पण मेमूत पहिल्याच दिवशी एका गृहस्थांच्या पांढऱ्या पँटला माझ्या नव्या चेनव्हीलनं काळी नक्षी काढली. घडी केल्यावर ते दाते बाहेरच्या अंगाला येतात, हे मी घरी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मला शुद्ध गुजरातीत जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हिनं मग जुन्या छत्र्यांच्या कापडाची पिशवी शिवून दिली. आता सायकल बुरख्यात प्रवास करते.

त्याहून मोठी फजिती तारांची. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा हँडलपुढे लोंबतात, त्या मला बघवेनात. एका रविवारी सगळ्या कापून नेटक्या केल्या, अगदी शोरूममधून आणल्यासारख्या. सोमवारी प्लॅटफॉर्मवर घडी करायला गेलो तर हँडल अर्ध्यात अडलं. गाडी समोर. मी जोर लावला. मागच्या ब्रेकच्या तारेचं वेष्टण खट्‌कन निसटलं, आणि घरी बघतो तर गिअरची तार सांध्याशी मुडपलेली. त्या लोंबणाऱ्या तारा आळशीपणानं ठेवलेल्या नव्हत्या रे, हँडल खाली पडून वळसा घेतं त्या वळशाचा तो हिशेब होता. तेव्हापासून काहीही बदललं की आधी तीनदा घडी करून बघतो, आणि मगच चालवतो. तूही तसंच कर. जे घडीत बसत नाही ते कितीही चांगलं असो, ते दुसऱ्या सायकलचं.

वजन कमी करायचं वेडही येऊन गेलं. स्टँड काढला, मडगार्ड काढले. उचलताना फरक जाणवला तो मनातच. पहिल्या पावसात ऑफिसात पोचलो तेव्हा पाठीवर चिखलाचा पट्टा कॉलरपर्यंत, वाघासारखा. मडगार्ड मुकाट्यानं परत आले. स्टँड नाही आला, कारण घडी केली की सायकल सीटच्या नळीवर टेकून उभी राहते. ती नळी खाली सरकत असेल तर ग्रीस लावू नकोस, उलट पुसून कोरडी कर. आणि वर ओढताना तिच्यावरच्या खुणेपलीकडे जाऊ नकोस.

एका गोष्टीला मात्र हात लावू दिला नाही. कॅरिअरसाठी कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला फ्रेमला पत्रा चिकटवून द्यायला तयार होता, "दस मिनट का काम". मी चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. फ्रेम ॲल्युमिनियमची. तापवली की जोडाजवळचा धातू मऊ पडतो, आणि कारखान्यात त्यावर करतात ती उष्णतेची प्रक्रिया कोपऱ्यावर कोण करणार? मधल्या बिजागरीवर तर माझा सगळा भार असतो. तिच्या खिळीला थोडं ग्रीस, खटका घट्ट, आणि महिन्यातून एकदा बॅटरी मारून तडा गेलाय का ते बघणं, एवढंच करतो. दप्तर पाठीवर घेतो.

ताई परवा आली होती. सायकल बघून म्हणाली, "ही आपली नव्हेच." तिला मी चक्कर मारायला दिली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत येईना. बघतो तर कोपऱ्यावर कुणाला तरी घडी करून दाखवत होती.

तेव्हा आज बाल्कनीत जा, तुझ्या टायरच्या बगलेवरची धूळ पूस आणि तिथला आकडा मला कळव. ४०६ असेल तर बाजारात पाहिजे तेवढे मिळतील. ४५१ निघाला तर विकत घेऊ नकोस, माझा तो फसलेला टायर अजून खिळ्याला टांगलेला आहे.

तुझा,
बाळू