वनमंत्र्यांना खुलं पत्र: कासवांच्या किनाऱ्यावर गाड्या नकोत

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार.

आपल्या राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी, पण एकातही समुद्राची वाळू नाही. शाळेत आपण ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून पाठ करतो तरीसुद्धा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, मुरुडजवळ फणसाड अभयारण्य आहे, पण ज्याला समुद्राच्या कडेने पायी फिरत पक्षी-प्राणी बघायचेत त्याच्यासाठी माझ्या मते मंडणगड, दापोली, गुहागरच्या किनाऱ्यांसारखी जागा नाही, आणि नेमकं तिथेच लोक बिनधास्त वाळूत गाड्या घालतात. आज फक्त त्याबद्दल लिहितोय.

थंडीत कधीतरी दापोलीतल्या आंजर्ल्याहून भल्या पहाटे ओहोटी बघून निघा. थोडं वाळूवरून, थोडं वरच्या रस्त्याने, पाडले, आडे करत केळशीकडे. मागे सुवर्णदुर्ग दिसत असतो, पाण्याच्या कडेला चिखल्यांचे थवे लाटेबरोबर मागेपुढे पळतात, कुर्ल्या पाय वाजला की बिळात, सुरूच्या बनावरून समुद्री गरुड फेरी मारतो, आणि नशीब असेल तर पाण्यातून थेट वर आलेला कासविणीच्या पायांचा रुंद माग दिसतो. मग गावातला कासवमित्र येतो, काठीने अंदाज घेत घरटं शोधतो, शंभरेक अंडी हलक्या हाताने काढतो आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरतो, कारण तशीच ठेवली तर कोल्हे-कुत्रे उकरतात. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. हे सगळं बघायला तिकीट लागत नाही, जिप्सी लागत नाही, फक्त चालायची तयारी लागते.

त्याच वाळूवरून शनिवार-रविवारी मोठमोठ्या गाड्या गोल गोल फिरवतात, व्हिडिओ काढतात, रुतली की गावातला ट्रॅक्टर बोलावतात. एकदा एका किनाऱ्यावर मी कासविणीचा ताजा माग बघितला आणि त्याच्यावरून आडवे गेलेले टायर. घरटं वाचलं होतं, पण कासवमित्राचा चेहरा बघवत नव्हता. जे घरटं कुणाला सापडलेलंच नाही त्याचं काय होत असेल सांगा. वाळू दाबली जाते, अंडी फुटतात, आणि जी पिल्लं निघतात ती जेमतेम चार-पाच सेंटीमीटरची, टायरच्या चरात पडली की समुद्राकडे न जाता चरातूनच चालत राहतात आणि कावळ्यांना मिळतात. रात्री हेडलाईट लावले की वर येणारी मादी अंडी न घालताच परत फिरू शकते.

साहेब, आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं हे ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथेच. ताडोब्यात गाईडशिवाय आत सोडत नाहीत, रस्ता सोडून गाडी घातली तर कारवाई होते, गाडीतून उतरायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येतं ते ठरवणाऱ्या नियमात कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक गटात धरल्यात. मग किनाऱ्यावर गाडी उतरवणाऱ्याला अडवणारं कोणी का नसतं? पोलीस म्हणतात वनखात्याचं काम, वनखातं म्हणतं जमीन आमची नाही, ग्रामपंचायतीकडे माणूस नाही.

आणि ही कासवं काही आपल्या एका तालुक्याची नाहीत. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. एवढा समुद्र पोहून ती आपल्या वाळूवर विश्वास टाकते, आणि आपण तिथे गाड्या फिरवतो, मला हे खरंच सहन होत नाही.

लोकांना किनाऱ्यावरून हाकला असं मी अजिबात म्हणत नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो, लोक गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात, सकाळी आणि संध्याकाळी हॅचरीपाशी गप उभे राहून पिल्लं बघतात, घरटी गाव आपणहून राखतं. म्हणजे पर्यटन आणि कासवं एकत्र जमतात, गाडी वरच उभी करावी लागते इतकंच.

तर मागणी अशी. कासवांच्या प्रत्येक किनाऱ्यावर वाळूत उतरायच्या वाटेवर दगड किंवा लोखंडी खांब टाका, पण मच्छीमारांच्या होड्या ओढायच्या ट्रॅक्टरला वाट ठेवा, त्यांच्याशी बोलल्याशिवाय एक दगडही टाकू नका. वनखातं, पोलीस आणि ग्रामपंचायत यांच्यात दंड कोण करणार हे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने लेखी ठरवून घ्या. आणि कासवमित्रांना फक्त हंगामापुरतं मानधन देऊन सोडू नका, त्यांना वर्षभराचे गाईड करा, पायवाटा आखून द्या, माझ्यासारखे चालणारे खुशीने पैसे देतील. विणीचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे हे सगळं दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी यायच्या आत व्हायला पाहिजे.

आपला,
कोकणात पायी फिरणारा एक नागरिक