हिवाळ्यापूर्वी ये

चि. आशिष यास,
प्रभू येशूच्या नावात ताईचा सलाम.

तुझा मेसेज रात्रपाळीत वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर द्यावं असं ते नव्हतं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत बसून लिहितेय. हे पत्र आई-पप्पांनाही वाचून दाखव. तुझ्या मनात काय चाललंय याचा पप्पांना अंदाज आलाय, हे आईच्या बोलण्यावरून माझ्या लक्षात आलं.

उपवास प्रार्थनेला बाहेरगावहून आलेल्या सेवकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देव तुला पूर्णवेळ सेवेसाठी बोलावतोय, या महिन्याच्या आत सुप्याची नोकरी सोड, नाहीतर हा आशीर्वाद दुसऱ्याला जाईल. आणि तू विचारलंस, "ताई, हा देवाचाच आवाज आहे हे मी कसं ओळखू?"

आधी हे सांगते की तुला पाचारण आहे असं मलाही वाटतं. संडे स्कूलच्या पोरांना तू गोष्ट सांगतोस तेव्हा मागच्या बाकावरची वांड पोरंसुद्धा गप्प होतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे तुला मागे ओढायला मी लिहितेय असं समजू नकोस. मला खटकलं ते "नाहीतर".

"माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात," असं येशू म्हणाला. ते वचन पाठ करताना आपल्याला आपलंच रान दिसायचं, आठवतंय? दिवाळीनंतर शेतात मेंढरं बसवायला धनगर यायचे. ओढ्यावर दोन वाडे, म्हणजे दोन धनगरांचे कळप, पाण्याला एकदम आले की सगळी मेंढरं एकमेकांत मिसळून जायची. मग एका धनगरानं हाळी घातली की त्याची तेवढी मेंढरं मान वर करून निघायची. नवं विकत आणलेलं एखादं कोकरू मात्र इकडे पळायचं, तिकडे पळायचं. त्याचे कान चांगलेच असायचे, पण त्या धनगराचा सहवास त्याला अजून घडलेला नसायचा.

इथे येऊन या गोष्टीचा मी फार विचार केला. मी राहते तो भाग जर्मनीच्या पूर्व टोकाला, साक्सनीत आहे. हेर्नहुट नावाचं छोटं गाव इथून जवळच आहे. १७२२ साली आताच्या चेक देशातल्या मोरावियातून विश्वासासाठी पळून आलेल्या लोकांनी झिंझेनडॉर्फ नावाच्या जमीनदाराच्या जागेत ते वसवलं. त्यांच्या कबरस्तानात सगळे दगड सारखे, आडवे, जमिनीलगत आहेत. श्रीमंत-गरीब ओळखू येत नाही. ईस्टरच्या पहाटे तिथेच उपासना होते, पितळी वाद्यांच्या साथीनं. आईला तिथे एकदा नक्की न्यायचंय मला.

३ मे १७२८ च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. तेव्हापासून रोज एक भाऊ सकाळी घरोघरी जाऊन त्या दिवसाचं वचन सांगायचा आणि कोण आजारी आहे, कोण अडचणीत आहे ते बघून यायचा. १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तिकेत छापून निघतात, ती आजतागायत. आता ती पन्नासहून अधिक भाषांत निघते. जुन्या करारातलं वचन चिठ्ठी काढून ठरतं आणि त्याला साजेसं नव्या करारातलं वचन माणूस निवडतो. आणि आशिष, ह्या चिठ्ठ्या तीन वर्षं आधी काढलेल्या असतात! आज सकाळी मी जे वचन वाचलं ते निघालं तेव्हा तुझा प्रश्न जन्मलाही नव्हता. एके काळी हे लोक लग्नं आणि नेमणुकासुद्धा चिठ्ठी टाकून ठरवायचे. ती प्रथा त्यांनी एकोणिसाव्या शतकात सोडून दिली, रोजचं वचन मात्र धरून ठेवलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आमच्या वृद्धाश्रमात एक आजी आहेत. त्यांची नजर गेलीय, म्हणून सकाळी औषधं दिल्यावर त्या दिवसाचं वचन मी वाचून दाखवते. माझे जर्मन उच्चार त्या दुरुस्त करतात. मग हात मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसतात आणि विचारतात, "आज हे कुणासाठी?" मग त्याच एखादं नाव घेतात. कधी खालच्या मजल्यावरच्या विधुर आजोबांचं, कधी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या बहिणीचं. मी नंबर लावून द्यायचा. बहिणीनं पहिल्यांदा फोन ठेवून दिला, तरी पुढच्या वेळी त्यांनी तिचंच नाव घेतलं. वचन ऐकून आजींनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी अजून ऐकलं नाही.

तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळची हकिकत डीट्रिख बॉनहॉफर यांची आहे. हे जर्मन पाळक. हिटलरचं राज्य, युद्ध तोंडावर, आणि सक्तीची लष्करभरती टळावी म्हणून मित्रांनी त्यांना जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. तिथे सुरक्षित जागा होती, काम होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. रोजच्या वचनांची हीच पुस्तिका तेही वाचायचे. २० जूनला त्यांनी तिथलं काम नाकारलं. त्या दिवशी त्यांनी डायरीत लिहिलं की आपल्या निर्णयामागची कारणं आपल्यालाच पुरती उमगत नाहीत. एवढा मोठा देवमाणूस, आणि त्याच्यासाठी आभाळ फाटून आवाज आला नाही! सहा दिवसांनी, २६ जूनला, प्रेषित पौलानं आपला तरुण सोबती तीमथ्य याला पत्रात केलेली विनंती त्यांच्या वाचनात आली : हिवाळ्यापूर्वी ये. ते शब्द दिवसभर त्यांच्यासोबत राहिले. हे मी स्वतःला लावून घेतलं तर तो शास्त्राचा गैरवापर नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. जुलैत ते बोटीनं परतले. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं.

यातला क्रम बघ. आधी प्रार्थनेतली तळमळ, मग निर्णय, आणि मग ते वचन. वर्षानुवर्षं शास्त्रात मुरलेल्या माणसाला त्या दोन शब्दांतली हाक ओळखता आली. आणि त्या हाकेनं त्यांना धोक्याकडे नेलं, तरी ती धमकी नव्हती.

त्या सेवकांचा संदेश खोटा आहे असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण "संदेशांचा धिक्कार करू नका" याच्या लगेच पुढे पौल लिहितो, "सर्व गोष्टींची पारख करा." पारख करायला वेळ लागतो, आणि जो देव बोलला तो तेवढा वेळ देतो. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत नवा करार मिळाला, त्यानंतर वाचन, वाद, पत्रव्यवहार, घरादाराची ओढाताण हे सगळं होऊन १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. देव त्यांना सोडून दुसऱ्याकडे गेला नाही. पौलाचंही तसंच. आशिया प्रांतात जायला मनाई, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देवानं बोलावलंय हे त्यानं आणि सोबत्यांनी मिळून ठरवलं. तू मात्र अजून पाळकसाहेबांनाही काही बोलला नाहीस.

म्हणून माझं ऐक. या महिन्यात राजीनामा देऊ नकोस. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठ आणि सगळं सांग, ते "नाहीतर"सुद्धा. पप्पांशी बोल. ते चिडतील, पण ते तुझ्यासाठी रोज पहाटे गुडघे टेकतात, त्यांना यातून बाहेर ठेवू नकोस. मार्काचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, नोकरी सोडण्याबद्दलचं वचन शोधायला नको, नुसतं येशूजवळ बसायला वाच. कामावरून आल्यावर झोप येते हे मला माहीत आहे, म्हणून सकाळी वाच. आणि सेमिनरीचा अर्ज मागवून ठेव, त्याला काही हरकत नाही. फी भरायची वेळ आली तर माझ्या पगारातून मी पाठवीन, त्याची काळजी करू नकोस.

पप्पांच्या डोळ्यांच्या तपासणीचं काय झालं ते आईला विचारून कळव. माझी पुढचा आठवडाभर दुपारची पाळी आहे, त्यामुळे तुमच्याकडे दुपारी बारा ते साडेतीनच्या दरम्यान फोन केलास तर मी मोकळी असते. पाळकसाहेब काय म्हणाले ते मला त्यांच्याच शब्दांत सांग.

तुझी,
ताई